मी बरी झाले ना? मग गोळी कशाला?

माझ्या धाकट्या मुलीच्या उपचारांचा सध्या अठरावा महिना चालू आहे. ती चार वर्षे दहा महिन्यांची असताना तिला ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग, झाल्याचे निदान झाले. आज ती सव्वासहा वर्षांची आहे, डोक्यावर पुन्हा दाट केस आले आहेत, ती शाळेत जाते, थोरल्या भावाशी हक्काने भांडते, आणि तिला नुसते पाहणाऱ्या माणसाला हे आजारपण केव्हाच मागे पडले असे वाटते. ते मागे पडलेले नाही. रोज रात्री एका औषधाची गोळी, आठवड्यातून एकदा दुसऱ्या औषधाच्या गोळ्या, दर महिन्याला रक्ताची तपासणी आणि दर बारा आठवड्यांनी पाठीतले इंजेक्शन असा क्रम अजून नऊ-दहा महिने चालायचा आहे.

या रोगाचे नाव काढले की लोकांच्या डोळ्यांसमोर रुग्णालय, सलाईनची बाटली आणि केस गेलेले डोके येते. आमच्याही डोळ्यांसमोर तेच होते. प्रत्यक्षात उपचारांच्या एकूण काळातला मोठा भाग घरी, आईबापांच्या हातून पार पडतो, आणि मूल बरे दिसू लागल्यानंतरचा हा भागच सर्वांत नेटाने सांभाळावा लागतो, हे आम्हाला उशिरा आणि एका चुकीनंतर उमगले. ती चूक सांगता यावी म्हणूनच मी हे लिहायला बसलो आहे.

सुरुवात पाय दुखण्यापासून झाली. ती रात्री उठून नडग्या धरून रडायची आणि सकाळी लंगडत चालायची. ज्यांना आम्ही प्रथम दाखवले त्या डॉक्टरांनी वाढीच्या वयात पाय दुखतातच असे सांगून वेदनाशामक औषध दिले. त्यानंतर तिचा चेहरा पांढुरका दिसू लागला, पायांवर न पडता-धडपडता निळे डाग उमटू लागले आणि एका सकाळी दात घासताना हिरड्यांतून आलेले रक्त वीस मिनिटे झाली तरी थांबेना. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ५.८ आणि प्लेटलेट १८,००० निघाल्या, ज्या किमान दीड लाख असायला हव्यात. त्या डॉक्टरांवर मी आज राग धरत नाही, कारण पाय दुखणारी बहुतेक मुले खरोखरच निरोगी असतात. तरीही ते तीन आठवडे माझ्या मनातून जात नाहीत. हाडांच्या पोकळीत जिथे रक्त तयार होते ती अस्थिमज्जा रोगट पेशींनी गच्च भरली होती आणि त्या दाबाने तिची हाडे दुखत होती, हे नंतर कळल्यावर मला तिचे नडग्या धरून बसणे आठवत राहिले.

अस्थिमज्जेच्या तपासणीने निदान पक्के झाल्यावर आमच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना एका खोलीत बसवले आणि सुमारे दीड तास सगळे समजावून सांगितले. त्यातले निम्मेही आमच्या डोक्यात शिरले नाही. त्यांना ते ठाऊक असावे, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन तेच पुन्हा सांगितले आणि एक कोरी वही घेऊन या म्हणाल्या. प्रश्न सुचला की वहीत लिहायचा, औषध दिले की वहीत लिहायचे, काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजलेली संख्या, आला की वहीत लिहायचा. ती वही आता तिसरी चालू आहे.

पहिल्या चार आठवड्यांच्या टप्प्याला इंडक्शन म्हणतात. आठवड्यातून एकदा शिरेतून व्हिंक्रिस्टिन, रोज दोन वेळा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, ॲस्परॅजिनेज नावाच्या औषधाचे इंजेक्शन, आणि मेंदू व कण्याभोवतीच्या द्रवात सोडायचे औषध पाठीतून. रोगट पेशी एकदम मोठ्या संख्येने मरतात तेव्हा त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या घटकांनी मूत्रपिंडांवर ताण येऊ नये म्हणून सुरुवातीचे काही दिवस सलाईन सतत चालू होते आणि आम्ही तिची लघवी मोजून लिहीत होतो. औषधांपैकी सर्वाधिक घर हलवले ते स्टेरॉइडने. मळमळ आणि उलट्यांची भीती आम्ही मनात धरून बसलो होतो, पण स्टेरॉइडने चार वर्षांच्या मुलीचा स्वभाव बदलतो हे आम्हाला कोणी सांगितले असले तरी आमच्या लक्षात राहिले नव्हते. ती रात्री तीन वाजता भुकेने उठायची, ताट समोर आले की रागाने ढकलायची, ढकलले म्हणून स्वतःच हुंदके देऊन रडायची, आणि तिला जवळ घेतले की ओरडायची. गाल फुगून चेहरा गोल झाला. मांड्यांतली ताकद इतकी कमी झाली की जमिनीवरून उठताना तिला हात द्यावा लागे. एका रात्री तिची आई मला म्हणाली, ‘ही आपली मुलगी आहे का हो?’ आणि लगेच स्वतःच्या बोलण्याने दचकली. मी उत्तर दिले नाही, कारण माझ्याही मनात तेच आले होते. स्टेरॉइड थांबल्यानंतर आठ-दहा दिवसांत ती हळूहळू परत आली. हे औषध घेणाऱ्या मुलांच्या आईबापांना मी एवढेच आवर्जून सांगतो की तो राग मुलाचा नसतो.

एकोणतिसाव्या दिवशी पुन्हा अस्थिमज्जा तपासली. सूक्ष्मदर्शकाखाली रोगट पेशी दिसल्या नाहीत आणि त्याहून कितीतरी सूक्ष्म अशा तपासणीतही उरलेल्या रोगाचे प्रमाण ०.०१ टक्क्याहून कमी, म्हणजे दहा हजार पेशींत एकाहूनही कमी आले. आम्ही दोघेही रडलो. तिची आई फोनवर आपल्या आईला ‘गेला, रोग गेला’ असे सांगत असताना डॉक्टर थांबल्या, आणि फोन संपल्यावर त्यांनी आमच्या वहीत एक हिशेब मांडून दाखवला. निदानाच्या वेळी अशा मुलाच्या शरीरात साधारण एक लाख कोटी रोगट पेशी असू शकतात. त्यांतल्या ९९ टक्के मेल्या तरी एक हजार कोटी उरतात. ९९.९९ टक्के मेल्या तरी दहा कोटी उरतात, आणि त्या कोणत्याही तपासणीत नीट दिसत नाहीत. येथे थांबलेल्या मुलांमध्ये आजार जवळजवळ हमखास उलटतो. ‘आज जे मिळाले ते फार चांगले आहे,’ त्या म्हणाल्या, ‘पण पुढची दोन वर्षे आपण न दिसणाऱ्या पेशींवर औषध देणार आहोत.’ तो कागद आजही वहीच्या पहिल्या पानाला चिकटवलेला आहे. पुढे आमच्या हातून जे घडले ते हा कागद समोर असतानाच घडले.

मुलीला काय सांगायचे यावर घरात मतभेद झाले. तिच्या आजीचे म्हणणे होते की एवढ्या लहान जिवाला काही सांगू नये. रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी मात्र आम्हाला स्पष्ट सांगितले की मुलाला सुई दिसते, आईचे रडलेले डोळे दिसतात आणि दाराआडची कुजबुज ऐकू येते. त्याला कारण दिले नाही तर ते स्वतःच एक कारण तयार करते, आणि बहुतेक वेळा ते कारण स्वतःचाच दोष असते. म्हणून आम्ही रोगाचे खरे नाव वापरले. हाडांच्या आत रक्त तयार करणारा कारखाना असतो, त्यात काही पेशी नीट मोठ्या न होताच भराभर वाढत सुटल्या, त्यांनी बाकीच्यांची जागा घेतली, आणि औषध त्यांना काढून टाकते, असे सांगितले. हे कोणी केले नाही, कोणाला लागतही नाही, हेही सांगितले. दुखणार असेल तर ‘दुखणार नाही’ असे म्हणायचे नाही हा नियम आम्ही त्या दिवसापासून पाळला. एकदाच मोडला होता, आणि त्यानंतरच्या तीन सुयांना तिने माझा हात धरला नाही.

स्वतःला दोष देणारे मूल आमच्या घरात होतेच, फक्त ते दुसरे होते. थोरला तेव्हा नऊ वर्षांचा होता. निदानाच्या आधी महिनाभर त्याने खेळताना तिला ढकलले होते आणि ती गुडघ्यांवर पडली होती. पाय दुखणे त्यानंतर सुरू झाले. आम्ही रुग्णालयात असताना तो आत्याकडे राहत होता, सगळ्यांना शहाण्यासारखा वागताना दिसत होता, आणि आम्हीही सर्वांना ‘थोरला फार समजूतदार आहे’ असे कौतुकाने सांगत होतो. सात आठवड्यांनी एका रात्री त्याने मला विचारले की ढकलल्याने हाडातला कारखाना बिघडतो का. त्याच्या तोंडून हा प्रश्न बाहेर पडायला सात आठवडे लागले, ही गोष्ट मला तिच्या कोणत्याही काउंटपेक्षा अधिक लागली. त्यानंतर आठवड्यातून एक संध्याकाळ केवळ त्याची ठेवली, आणि पुढच्या भेटीला त्याला बरोबर नेऊन डॉक्टरांकडूनच उत्तर मिळवून दिले. व्हिंक्रिस्टिन हे औषध सदाफुलीच्या झाडापासून मिळते हे त्याला तिथेच कळले. त्याने घरी येऊन बहिणीला ते इतक्या रुबाबात सांगितले की पुढे ती प्रत्येक परिचारिकेला ‘मला फुलाचे औषध द्यायचे आहे का?’ असे विचारू लागली.

इंडक्शननंतरच्या सात महिन्यांबद्दल मी थोडक्यात सांगतो. औषधे बदलत गेली, केस गेले, शिरेतून औषध देण्यासाठी छातीत त्वचेखाली पोर्ट नावाची छोटी डबी बसवली, रक्त आणि प्लेटलेट किती वेळा चढवल्या ते वहीत आहे. व्हिंक्रिस्टिनचा परिणाम नसांवर होऊन तिची पावले पुढे लोंबू लागली, ती ठेचकाळू लागली, तेव्हा फिजिओथेरपिस्टने टाचांवर चालण्याचा व्यायाम दिला. घरातली चारही माणसे रोज संध्याकाळी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत टाचांवर चालत होती, कारण ती एकटी चालायला तयार नव्हती.

त्या काळातली एक रात्र मात्र विस्ताराने सांगायला हवी. आम्हाला ताप मोजण्याचे नियम लिहून दिले होते. तापमान एकदा जरी ३८.३ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे १०१ फॅरनहाइट झाले, किंवा ३८ अंशांवर तासभर टिकले, तर फोन करून तत्काळ निघायचे. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायचे नाही, कारण त्याने ताप झाकला जातो. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी एक मायक्रोलिटर रक्तात ५०० हून कमी असतील तर साधा दिसणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो, म्हणून अशा मुलाला रुग्णालयात पोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून प्रतिजैविक सुरू करण्याचा प्रयत्न असतो. त्या दिवशी सकाळीच आम्ही सहा दिवसांचा मुक्काम संपवून घरी आलो होतो. रात्री पावणेबाराला ३८.१ भरले. तिची आई पिशवी उचलून दाराशी उभी राहिली आणि मी म्हटले, ‘तासभर पाहू, नुकतीच झोपली आहे.’ नियमाच्या अक्षरात ते बसत होते, पण मी नियमाकडे पाहत नव्हतो. मला फक्त त्या खोलीत पुन्हा जायचे नव्हते. पन्नास मिनिटांनी ती कुडकुडत उठली, तेव्हा ३८.९ होते. रुग्णालयात पोचेपर्यंत तिचे हातपाय गार पडले होते. रक्तात जिवाणू सापडले आणि अकरा दिवस राहावे लागले. ती सुखरूप घरी आली. त्या रात्रीपासून आमच्या घरात असा ठराव आहे की दोघांपैकी एकाला जरी निघावेसे वाटले तरी निघायचे, दुसऱ्याने कारण विचारायचे नाही.

मेंटेनन्स, म्हणजे घरी गोळ्या घेण्याचा दीर्घ टप्पा, सुरू होणार म्हणून आम्ही दिवस मोजत होतो. तो सुरू झाला तेव्हा मला आनंदाऐवजी धास्ती वाटली. इतके दिवस औषध देणारे हात शिकलेले होते. आता ते आमचे होते. रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन, आणि त्याचा डोस कधी आठवड्यातले पाच दिवस एक गोळी व दोन दिवस दीड, तर पुढच्या महिन्यात वेगळा. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, जे चुकून रोज दिले गेले तर विषासारखे बाधते, म्हणून त्याची डबी वेगळ्या कपाटात आणि झाकणावर वार लिहिलेला. पाठीतले इंजेक्शन असेल त्या आठवड्यात तेही द्यायचे नाही. शनिवार-रविवार फुप्फुसाच्या एका विशिष्ट जंतुसंसर्गापासून वाचवणारे प्रतिजैविक. दर बारा आठवड्यांनी व्हिंक्रिस्टिन आणि पाच दिवस पुन्हा स्टेरॉइड. गोळी मोडताना हातमोजे. आणखी एक गोष्ट पचायला जड गेली. न्यूट्रोफिल ५०० ते १५०० च्या दरम्यान राहावेत असा या टप्प्याचा हेतू असतो. निरोगी मुलाच्या मानाने हा आकडा कमी आहे. काउंट वाढला की आम्ही हरखायचो आणि डॉक्टर डोस वाढवायच्या. कमी काउंट म्हणजे वाईट हे आठ महिने मनावर बिंबलेले असताना, थोडा दबलेला काउंट म्हणजे औषध पोचते आहे, ही उलट समजूत अंगवळणी पडायला वेळ लागला.

मेंटेनन्सच्या चौथ्या महिन्यात एका रात्री ती गोळी समोर ठेवून मला म्हणाली, ‘बाबा, मी बरी झाले ना? मग गोळी कशाला?’ मी तिला न दिसणाऱ्या पेशींबद्दल सांगितले. तिने विचारले, दिसत नाहीत तर आहेत हे कशावरून. हा प्रश्न मोठ्या माणसांच्या मनातही असतो, फक्त ती तो उघड विचारत नाहीत. ती धावत होती, हसत होती, तिचे वजन वाढत होते. आमच्या लक्षात न येता आमच्याही मनाने ती बरी झाल्याचे ठरवून टाकले होते, आणि घरात नऊ महिन्यांत न दिसलेला सैलपणा आला होता. लग्नाला जायचे म्हणून एकदा उशीर झाला आणि ती गाडीतच झोपली. एकदा मला वाटले आईने गोळी दिली, आईला वाटले मी. एकदा थोडी उलटी झाली आणि पुन्हा द्यायची की नाही हे विचारायचे राहून गेले. पुढच्या भेटीच्या आदल्या रात्री मी वही भरायला घेतली, तेव्हा त्या महिन्यात चार ओळी कोऱ्या होत्या.

भेटीत डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारले, ‘गोळ्या रोज ना?’ तिची आई ‘हो’ म्हणाली. ती खोटे बोलणारी बाई नाही. तिला खरोखर तसेच वाटत होते. मी वही पुढे केली. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, डॉ. स्मिता भाटिया यांच्या नेतृत्वाखालील एका अभ्यासाबद्दल सांगितले. त्यात गोळ्यांच्या बाटलीचे झाकण उघडल्याची नोंद आपोआप होईल अशी व्यवस्था केली होती. ज्या मुलांनी ठरलेल्या डोसांपैकी ९५ टक्क्यांहून कमी घेतले त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. त्याच गटाच्या पुढच्या कामात असेही दिसले की घरचे लोक सांगतात त्यापेक्षा बाटली कमी वेळा उघडलेली असते. मी तिथेच बसून हिशेब केला. तीस रात्रींचे ९५ टक्के म्हणजे साडेअठ्ठावीस. महिन्याला दोन रात्री चुकल्या की रेषा ओलांडली, आणि आमच्या चार चुकल्या होत्या. एक लाख कोटींचा कागद वहीच्या पहिल्या पानावर होता, आणि शेवटच्या पानावर कोऱ्या ओळी होत्या.

घरी आल्यावर आम्ही एकमेकांना बोल लावला. मी तिला, तिने मला, आणि मग दोघेही गप्प झालो. दोन दिवसांनी थोरल्याने वही आपल्याकडे मागितली. एवढी जबाबदारी मुलावर टाकू नये म्हणून आम्ही त्याच्या कामाला एक मर्यादा घातली. गोळी द्यायची आम्हीच, वहीत वेळ लिहायचीही आम्हीच. त्याने फक्त झोपण्यापूर्वी ओळ भरली आहे का ते पाहायचे आणि कोरी असेल तर ओरडायचे. आठवड्याच्या गोळ्या रविवारी सात कप्प्यांच्या डबीत काढून ठेवायच्या, एकाने काढायच्या आणि दुसऱ्याने मोजायच्या. विषम तारखांना मी, सम तारखांना तिची आई. बाहेर जाताना त्या रात्रीचा कप्पा पिशवीत. गेल्या सहा महिन्यांत एक रात्र चुकली, आणि तीही रुग्णालयाने काउंट फार खाली गेला म्हणून थांबवायला सांगितलेली, म्हणजे ती चूक नव्हेच.

त्या प्रसंगानंतर मी या गोळीविषयी वाचू लागलो. मर्कॅप्टोप्युरिन गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी शोधले. एलियन पंधरा वर्षांच्या असताना त्यांचे आजोबा कर्करोगाने गेले आणि त्यातूनच त्या रसायनशास्त्राकडे वळल्या. १९५३ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली आणि १९८८ साली त्या दोघांना नोबेल पुरस्कार मिळाला. माझे वडील १९५३ चेच. ‘तुझी गोळी आजोबांच्या वयाची आहे,’ असे सांगितल्यावर धाकटीने ती तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली.

या वाचनाचा एक प्रत्यक्ष उपयोगही झाला. एका नातेवाइकांनी प्रेमाने, तिच्या अंगात रक्त भरावे म्हणून, एक टॉनिक आणून दिले. त्यात फॉलिक ॲसिड होते. मेथोट्रेक्सेट नेमके फॉलिक ॲसिडचाच मार्ग अडवून काम करते. १९४०च्या दशकात बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना ल्युकेमिया झालेल्या मुलांमध्ये फॉलिक ॲसिडच्या प्रकारातील द्रव्ये दिल्यावर रोग बळावल्यासारखा वाटला, तेव्हा त्यांनी उलट दिशेने विचार करून फॉलिक ॲसिडला रोखणारे अमिनोप्टेरिन वापरून पाहिले. ते औषध लेडर्ले प्रयोगशाळेत भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने तयार केले होते. १९४८ साली फार्बर यांनी १६ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतली १० काही काळ सुधारली होती, आणि तोवर या रोगात असे कधी घडले नव्हते. मेथोट्रेक्सेट हे त्याच अमिनोप्टेरिनचे भावंड. डॉक्टरांना विचारून मी ते टॉनिक बाजूला ठेवले आणि नातेवाइकांना हे सगळे शांतपणे सांगितले. त्यांना वाईट वाटले नाही. उलट पुढच्या वेळी त्यांनी थोरल्यासाठी पुस्तक आणले.

पाठीतल्या इंजेक्शनची तिला अजूनही भीती वाटते. सकाळपासून उपाशी राहायचे, कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन निजायचे, गुंगीचे औषध, आणि नंतर काही वेळ सपाट पडून राहायचे. शिरेतून दिलेली बहुतेक औषधे मेंदूभोवतीच्या द्रवात पुरेशी पोचत नाहीत, त्यामुळे रोगट पेशी तिथे लपून राहू शकतात. १९६२ साली मेम्फिसमध्ये सुरू झालेल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आडोसा मोडण्यासाठी डोक्याला किरणोत्सर्ग आणि कण्यातून औषध असे उपचार जोडले, आणि त्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याकडची निम्मी मुले बरी होऊ लागली. आज पूर्ण उपचार मिळणाऱ्या देशांत दहांपैकी जवळपास नऊ मुले बरी होतात आणि बहुतेकांना डोक्यावरच्या किरणोत्सर्गाची गरज पडत नाही. ती जागा हीच इंजेक्शने भरून काढतात. हे मला कळते, तिला नाही. तिला एवढेच ठरवू दिले आहे की गुंगी येईपर्यंत कोणी जवळ बसायचे आणि कोणती गोष्ट सांगायची. गोष्ट नेहमी अर्धीच राहते आणि जागी झाल्यावर ती ‘पुढे?’ असे विचारते.

शाळा सुरू करताना वर्गशिक्षिकांना एकच कळकळीची विनंती केली होती की कोणालाही कांजिण्या निघाल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता कळवावे. तशी वेळ एकदा आली. त्यांनी दुपारी फोन केला, आम्ही त्याच संध्याकाळी रुग्णालयात होतो आणि तिला प्रतिपिंडांचे इंजेक्शन मिळाले. त्या बाईंनी तो फोन घरी गेल्यावर करायचे ठरवले असते तर काय, हा विचार मी फार वेळ करत नाही.

भेटणारे लोक विचारतात, ‘आता बरी आहे ना?’ प्रश्न मायेचा असतो. सुरुवातीला मी सगळे समजावत बसायचो. हल्ली म्हणतो, ‘उपचार चालू आहेत आणि ती आनंदात आहे.’ दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एका वाक्यात बसतात हे मला शिकावे लागले. तिच्या आईने नोकरी सोडली आहे, माझी बढती मागे पडली आहे, आणि आम्ही दोघांनी शेवटचे एकत्र निवांत फिरणे केव्हा केले ते आठवत नाही. आजी मुलांपाशी थांबतात त्या दोन तासांत आम्ही बहुधा झोपतो.

गेल्या आठवड्यात तिचा पुढचा दात हलू लागला. दुसऱ्या घरात ही साधी गोष्ट असते. आम्ही फोन केला, कारण काउंट खाली असताना दात पडणे म्हणजे रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग या दोन्हींची काळजी. नुकत्याच झालेल्या तपासणीत प्लेटलेट दोन लाखांच्या पुढे आणि न्यूट्रोफिल अकराशे होते. डॉक्टर म्हणाल्या, ओढू नका, आपोआप पडू द्या, नंतर तोंड स्वच्छ ठेवा. तीन दिवस ती जिभेने दात हलवत फिरली. परवा जेवताना तो पडला आणि ती आरशाकडे धावली. तिची आई कापूस घेऊन तिच्या मागे गेली, आणि मी घड्याळाकडे पाहत उभा राहिलो. रात्री थोरल्याने वही तपासायला घेतली. त्या दिवसाच्या ओळीत ‘८.३५, एक गोळी’ असे तिच्या आईचे अक्षर होते. त्यापुढे त्याने पेन्सिलीने लिहिले, ‘दात पडला. रक्त दोन मिनिटांत थांबले.’